वल्हं हाताने नाही, कमरेने मारतात!

एक सोप्पा प्रश्न विचारते. कयाक चालवताना सगळ्यात जास्त काम कोण करतं?

"हात!" असं उत्तर तुम्ही दिलं असेल तर काळजी करू नका, बहुतेक सगळे तेच देतात. पण ज्याने या खेळात मेडल मिळवलंय त्याला विचारा. तो हातांचं नाव सगळ्यात शेवटी घेईल. आधी पाय, मग कंबर, मग पाठ... आणि हात? हात म्हणजे नुसते दोर! इंजिन दुसरीकडेच आहे.

आता तुम्ही म्हणाल, नंदुरबार जिल्ह्यातल्या कॉलेजच्या मॅगझिनमध्ये ही कयाक कुठून आली? इथे तर लोक क्रिकेट, कबड्डी आणि मेसच्या पोळ्यांवर लिहितात. थांबा, सांगते. पण आधी कयाक म्हणजे काय ते दोन ओळींत. कयाक ही लांब, अरुंद होडी. पाय पुढे पसरून, तोंड पुढे करून बसायचं, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं डावी-उजवीकडे मारायचं. कनू म्हणजे तिची बहीण; शर्यतीत तिच्यात एक गुडघा टेकून एकाच पात्याचं वल्हं मारतात. आणि रोइंग वेगळं. तिथे पाठ पुढे करून बसतात आणि वल्ही होडीलाच अडकवलेली असतात. तिन्ही ठिकाणी नियम एकच. पाण्याशी मारामारी करायची नाही.

आपल्या जिल्ह्याची उत्तरेची हद्द म्हणजे नर्मदा. सरदार सरोवर धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली, २०१७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात बाधित झाली, सगळी आपल्याच जिल्ह्यातली. मणिबेली तर १९९३ पासूनच पाण्याशी झगडत होती. आज अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत डोंगरांच्या मधे हे बॅकवॉटर पसरलंय. तिथल्या पाड्यांना बाजार, दवाखाना, रेशन, शाळा यांसाठी होडीत बसावं लागतं. आपल्या हॉस्टेलमध्येही त्या भागातली मुलं आहेत. ती वल्हं मारायला कधी शिकली ते विचारलं तर त्यांना आठवतही नाही. आपण सायकल जशी शिकलो, तशी ती डुंगी शिकली.

म्हणजे बघा, पाणी आहे. वल्हवणारे हात आहेत. पाण्यावरचा तोल लहानपणापासून अंगात आहे. मग काय नाही? माझं म्हणणं एवढंच आहे की शिकवणारा नाही. आणि शिकवणारा म्हणजे शिट्टी वाजवणारा नव्हे, तर ज्याने स्वतः वरच्या पातळीवर हा खेळ खेळलाय असा माणूस.

आता थोडं इंजिनिअरिंग! (घाबरू नका, व्हायवा नाही.) पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग फक्त १० टक्के वाढवायचा तर पॉवर ३३ टक्के जास्त लागते. उलटं गणित करा. जिममध्ये घाम गाळून तुम्ही तुमची पॉवर चक्क दुप्पट केली, तरी होडीचा वेग वाढणार सुमारे २६ टक्केच. म्हणजे नुसत्या ताकदीचा रस्ता फार महाग आहे. स्वस्त रस्ता कोणता? जी ताकद आहे तिच्यातली वाया जाणारी वाचवणं. यालाच टेक्निक म्हणतात.

वाया कुठे जाते? एका स्ट्रोकचे तीन भाग असतात. इंग्लिशमध्ये त्यांना कॅच, पुल आणि एक्झिट म्हणतात. मी कॉन्व्हेंटची असल्याने मराठी शब्द शोधताना जरा धडपडले, पण पकड, ओढ आणि सुटका हे शब्द मला आवडले. (मराठीच्या मॅडमनी चालवून घ्यावेत!)

पकड - पातं पायाच्या बोटांच्या बाजूला पाण्यात पूर्ण बुडवायचं. बुडण्याआधीच ओढायला लागलात तर फक्त पाणी उडतं. बघणाऱ्याला वाटतं काय जोर लावतोय! होडी मात्र जागच्या जागी.

ओढ - उजवीकडे वल्हं मारताना उजवा पाय पुढच्या टेकूवर दाबायचा, उजवी कंबर मागे जाते, तिच्यासोबत पाठ आणि खांदा फिरतो. हात जवळजवळ सरळ. कोपर वाकवून ओढलं की सगळा भार दंडावर येतो, आणि दंडाचा स्नायू पाठीच्या मानाने केवढासा! वल्हं पाण्यातून ओढायचं नसतंच मुळी. वल्हं पाण्यात रोवायचं आणि होडीला त्याच्यापुढे न्यायचं. भिंतीवर चढताना आपण भिंत खाली ओढतो का? नाही ना, स्वतःला वर ओढतो. तसंच.

सुटका - पातं कमरेपाशी आलं की बाहेर. त्याच्या मागे नेलं तर ते पाणी वर उचलतं, आणि होडी पुढे जायच्या ऐवजी खाली दाबली जाते.

वाचायला किती सोपं आहे! पाच मिनिटांत कळलं. पण पाच वर्षं वल्हवणाऱ्यालाही हे जमत नाही, कारण आपण वल्हवत असताना आपली कंबर आपल्याला दिसत नाही. आपल्याला वाटतं आपण फिरतोय, प्रत्यक्षात फक्त खांदे हलतात. इथे यूट्यूबचा विषय काढणारे मित्र भेटतील. व्हिडिओ चांगले आहेत, मीही बघते. पण यूट्यूब तुम्हाला दिसतं, यूट्यूबला तुम्ही दिसत नाही! तुमचं कोपर वाकलंय हे ते कसं सांगणार?

आणि त्यातही एक गंमत आहे. नवख्या माणसात दहा चुका असतात. दहाही सांगणारे काठावर पुष्कळ सापडतील. "सरळ बस! कोपर वाकवू नको! खोल मार!" एवढं ऐकून माणूस गोंधळतो आणि आधी होतं तेही विसरतो. अनुभवी खेळाडूला मात्र कळतं की या दहांमधली पहिली चूक कोणती, जी सुधारली की बाकीच्या चार आपोआप सुटतील. पाय दाबत नाही म्हणून कंबर फिरत नाही, कंबर फिरत नाही म्हणून कोपर वाकतं. मग तो कोपराबद्दल बोलतच नाही, पायाबद्दल बोलतो. ही नजर पुस्तकात मिळत नाही. ती हजारो किलोमीटर वल्हवून येते.

ताकदीपेक्षा टेक्निक मोठं, याला पुरावा हवा? आपल्याच ब्रँचचा एक माणूस आहे. अमेरिकेचा ग्रेग बार्टन. डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्मतः दोन्ही पावलं वाकडी, लहानपणी ऑपरेशन्स झाली तरी घोटे नीट हलत नव्हते. त्याने मिशिगन विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग केलं. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये एकट्याच्या १००० मीटर कयाक शर्यतीत तो ०.००५ सेकंदाने जिंकला. हो, सेकंदाचा दोनशेवा भाग! आणि साधारण दीड तासाने नॉर्मन बेलिंगहॅमसोबत दोघांच्या कयाकमध्ये दुसरं गोल्ड. ज्या खेळात पायाने जोर लावायचा त्या खेळात पाय अधू असलेला माणूस सोन्यापर्यंत पोचला. नंतर त्याने स्वतः कयाक बनवण्याची कंपनी काढली आणि साध्या हौशी लोकांना टेक्निक शिकवलं. ०.००५ सेकंद म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे, त्याला एका स्ट्रोकमधली सांडलवंड दिसणारच.

"अमेरिकेचं सोड, इथलं सांग," असं कोणी म्हणेल. तर ग्वाल्हेरची प्राची यादव. पायांनी अपंग. आधी ती पोहायची, मग कोचनी तिला पॅरा-कनूकडे वळवलं आणि भोपाळच्या तलावावर ती शिकली. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, तिने फायनल गाठली, आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकचं गोल्ड मिळवलं. तिच्याकडे काय होतं? पाणी, कोच आणि रोजचा सराव.

आता जवळ या. नाशिक जिल्ह्यातला चांदवड तालुका, तळेगाव रोही. दुष्काळी गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांसोबत विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये तो सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला आणि तिथे त्याला रोइंग भेटलं. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये सैन्याचं रोइंगचं केंद्र आहे, तिथे तो तयार झाला. चार वर्षांत, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या टीममधून गोल्ड!

विचार करा. ज्या गावात प्यायला पाण्याची मारामार, तिथला मुलगा वल्हं मारत ऑलिम्पिकला गेला. कारण त्याला होडी मिळाली, आणि ती कशी चालवायची हे शिकवणारे मिळाले. आणि आपल्या जिल्ह्यात, जिथे गावंच्या गावं पाण्याखाली गेली, तिथली मुलं रोज वल्हवतात, पण त्यांच्या वल्ह्याकडे खेळ म्हणून बघायला कोणी येताना मी तरी पाहिलेलं नाही.

मणिपूरचं उदाहरण आणखी बोलकं आहे. लोकटक सरोवरात मासेमारी करणाऱ्या घरातला सुनील सिंग सलाम आणि रुरकीकडचा अर्जुन सिंग या जोडीने २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कनूच्या १००० मीटर शर्यतीत ब्राँझ मिळवलं. त्याआधी या खेळात भारताला आशियाई मेडल मिळालं होतं ते १९९४ मध्ये, हिरोशिमाला. म्हणजे २९ वर्षांनी! मासे पकडायच्या होडीतून शर्यतीच्या होडीत जाता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. मधला पूल म्हणजे कोच.

आणि अजून एक गोष्ट, जी ऐकून मला जरा हेवा वाटला. आपल्या नर्मदेवरच, वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात महेश्वरजवळ सहस्रधारा आहे. २०२३ च्या सुरुवातीला खेलो इंडिया युथ गेम्सच्या कनू स्लालम शर्यती तिथे झाल्या. नदी तीच, पाणी तेच! ते पाणी खाली आपल्याकडे येतं, पण खेळ मात्र वाटेत कुठेतरी थांबतो. स्लालमला खळाळतं पाणी लागतं. सपाट शर्यतीला शांत पाणी लागतं. आपलं बॅकवॉटर शांत आहे. अजून काय हवं?

आता मुख्य मुद्दा. हे सगळं मेडलसाठीच आहे का? माझ्या मते नाही. मेडल एखाद्याला मिळेल. पण नीट वल्हवणं ही तिथल्या माणसांची रोजची गरज आहे.

चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांच्याबद्दल तुम्ही पेपरमध्ये वाचलं असेल. २०२० मध्ये कोरोनामुळे लोक अंगणवाडीत यायचे बंद झाले. तेव्हा एका मच्छीमाराची होडी घेऊन त्या स्वतः अलीगाट आणि दादर या पाड्यांवर जाऊ लागल्या. २५ बालकं आणि ७ गरोदर बायका यांचं वजन, आहार, तपासणी बघायला. रोज १८ किलोमीटर वल्हवत! संध्याकाळी हात दुखतात, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं होतं.

आपण सगळ्यांनी ती बातमी वाचून "ग्रेट!" म्हटलं. बरोबरच आहे. पण त्या दुखणाऱ्या हातांचं काय? समजा एका स्ट्रोकला होडी दोन मीटर जाते. १८ किलोमीटरला ९००० स्ट्रोक झाले. टेक्निक सुधारून तेच अंतर २.२ मीटर झालं, तर स्ट्रोक लागतात सुमारे ८२००. रोजचे ८०० स्ट्रोक वाचले, आणि जो भार खांद्यावर होता तो पाठीवर-कमरेवर वाटला गेला. आकडे माझे अंदाजाचे आहेत, आणि लाकडी होडी म्हणजे कयाक नव्हे हेही मला कळतं. पण पूर्ण बुडवून मग ओढणं, अंग फिरवणं, कमरेपाशी पातं काढणं हे तिथेही चालतं. ज्या बाईला होडीतून उतरून चार घरं फिरून बाळांची वजनं करायची आहेत, तिच्यासाठी ८०० स्ट्रोक ही छोटी गोष्ट नाही.

इथे दोन आक्षेप येतील, मला माहीत आहेत, कारण रूमवर चर्चा करताना दोन्ही आले.

पहिला आक्षेप: "त्यांना इंजिनची बोट द्या ना, वल्हं कसलं शिकवता?" शंभर टक्के मान्य. इंजिनची बोट, पक्का धक्का, रस्ता, हे सगळं मिळायलाच हवं, आणि ते देणं सरकारचं काम आहे. टेक्निक शिकवणं हा त्याला पर्याय नाही. पण इंजिन बंद पडतं, डिझेल संपतं, आणि बोट सगळ्यांच्या दारात येत नाही. तोपर्यंत मुलं वल्हवणारच आहेत. मग नीट का नाही? आणि कोच आला की त्याच्यासोबत लाइफ जॅकेट येतं, होडीत किती माणसं बसावीत याची शिस्त येते. २०१९ च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत खच्चून भरलेली बोट उलटली आणि माणसं गेली. ते आपण विसरायला नको. कुठल्याही वॉटर स्पोर्ट्सच्या शिबिरात पहिला दिवस वल्ह्याचा नसतोच, उलटलेल्या होडीतून बाहेर कसं यायचं याचा असतो. तो एक दिवस जरी प्रत्येक पाड्यावर झाला तरी पुरे!

दुसरा आक्षेप: "मोठा खेळाडू चार दिवस येणार, फोटो काढणार, जाणार. चांगला खेळाडू चांगला शिक्षक असतोच असं कुठे आहे?" हाही बरोबर आहे. म्हणून चार दिवसांचा सत्कार नको. शाल-श्रीफळ तर नकोच नको! वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवसांचं शिबिर हवं. त्यात त्या खेळाडूने मुलांना तर शिकवावंच, पण काठावरच्याच पाच-सहा जणांना "बघायला" शिकवावं. नजर तयार करून द्यावी. मग वर्षभर तेच शिकवतील, तेही पावरी-भिलीत, जी बाहेरच्या कोचला येणार नाही. आणि त्या खेळाडूनेही शिकावं की! वारा कुठल्या दरीतून कधी येतो, पाणी उतरल्यावर गाळ कुठे साचतो, हे त्याला काठावरची दहा वर्षांची पोरगी सांगेल.

मग आपण काय करायचं? आपण हॉस्टेलवाले नुसता लेख वाचून पान उलटणार का? पुण्याच्या सीओईपीकडे बघा. (आता ते विद्यापीठ झालंय.) मुठेच्या काठावर त्यांचा बोट क्लब आहे, विद्यार्थीच तो चालवतात, आणि त्यांचा रेगाटा १९२८ पासून होतोय. तिथे सीनियर ज्युनियरला शिकवतो, तो पुढच्याला. इंजिनिअरिंगची पोरं वल्हं मारू शकत नाहीत असं कुठल्याही सिलॅबसमध्ये लिहिलेलं नाही!

माझ्या डोक्यात तीन गोष्टी आहेत. एक, पुढचं एनएसएस शिबिर नर्मदेच्या काठावरच्या गावात घ्यावं, आणि त्याला जोडून राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या एका कयाक किंवा कनू खेळाडूला बोलवावं. सैन्यात आणि भोपाळच्या अकादमीत असे खेळाडू आहेत. प्रिन्सिपल सरांच्या सहीचं एक पत्र तर जाऊ दे. दोन, लाइफ जॅकेट्स आधी, कयाक नंतर. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या लायटिंगमधून थोडे पैसे वाचले तर कोणाला अंधारात नाचावं लागणार नाही. तीन, फायनल इयरचा प्रोजेक्ट. वल्ह्याच्या दांड्यावर स्ट्रेन गेज लावून प्रत्येक स्ट्रोकचा जोर मोबाइलवर दिसेल असं काही बनवा. डावा हात कमी ओढतोय की उजवा, पातं उशिरा बाहेर येतंय का, हे आकड्यांत कळेल. दरवर्षी तेच तेच प्रोजेक्ट विकत आणून बाइंडिंग करण्यापेक्षा हे बरं! मात्र हे यंत्र कोचच्या जागी नाही, कोचच्या हातात द्यायचं. यंत्र सांगेल की जोर कमी पडतोय. का पडतोय ते माणूसच सांगेल.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आपल्याकडे उलटं झालंय. आड काठोकाठ भरलाय, पोहरा आणायचं कोणाच्या लक्षात नाही. धरणाच्या पाण्याने त्या गावांकडून खूप घेतलं. शेतं, घरं, झाडं. ते परत मिळत नाही, आणि एखाद्या शिबिराने त्याची भरपाई होते असं म्हणायचा मला अधिकारही नाही. पण आता ते पाणी तिथे आहेच, तर त्याने तिथल्या मुलांना थोडं काही द्यायलाही हवं.

जिमखाना सेक्रेटरीशी बोलणं झालंय. पत्राचा मसुदा मी आणि माझी रूममेट लिहितोय. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मित्रांनी कुठल्या गावाचा काठ शिबिराला बरा, पाणी कुठल्या महिन्यात किती असतं, हे सांगायला या. आणि बाकीच्यांनी पोहता येत असेल तर नाव द्या, येत नसेल तर आधी पोहायला शिका. मेसच्या नोटीस बोर्डावर कागद लावलेला आहे, पेनसुद्धा दोरीने बांधून ठेवलंय!